मातीच्या भिंतीवर वजन टांगताना

मुळशी तालुक्यात सध्या दोन प्रकारची माणसं जुन्या घरांत राहायला येत आहेत. काही जण आपल्याच वडिलोपार्जित घराचं दार बऱ्याच वर्षांनी उघडतात, तर काही जण कोळवण खोऱ्यात, मुठा खोऱ्यात किंवा ताम्हिणीच्या वाटेवर हौसेनं जुनं घर विकत घेतात. छप्पर दुरुस्त होतं, कौलं चाळली जातात, वीज येते. मग टीव्ही येतो, पाण्याचा फिल्टर येतो, भांड्यांची स्टीलची मांडणी येते आणि त्यांच्यामागोमाग पिरंगुटहून फिटर येतो. हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये तो जे रोज करतो तेच इथेही करतो. हॅमर ड्रिलनं भोक पाडतो, त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकतो, स्क्रू आवळायला घेतो. स्क्रू नुसता गोल फिरत राहतो. मग मोठं भोक, मोठी गिट्टी, आणि शेवटी हातभर गिलावा जमिनीवर.

यात फिटरचा दोष थोडा आहे. त्याच्याजवळचं सामानच वेगळ्या भिंतीसाठी बनलेलं आहे. गिट्टी चालते ती फुगून. स्क्रू आत शिरला की ती बाहेरच्या बाजूला दाब देते, समोरचं काँक्रीट किंवा पक्की वीट तो दाब परतवते आणि त्या दाबामुळे पकड बसते. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्जनं १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंची अशी गिट्टी काढली, ती ब्रिटिश म्युझियमच्या पक्क्या भिंतींत विजेचं सामान बसवण्यासाठी. मातीची भिंत हा दाब परतवत नाही. ती दबते आणि भोक मोठं होतं. म्हणून मातीच्या भिंतीत जाड गिट्टी बारीक गिट्टीपेक्षा जास्त धरेल, ही समजूत आधी सोडायला हवी. ती जास्त धरत नाही, जास्त फोडते.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. जुन्या घरात वजन लाकडावर द्यायचं, भिंतीला फक्त टेकवायचं. आपल्याकडची घरं तशीच वापरली जायची. शिंकं आढ्याला किंवा तुळईला टांगलेलं, कपड्यांची दांडी वाशांना दोरीनं बांधलेली, पाळणा तुळईला, जड भांडी जमिनीवरच्या उतरंडीत, आणि बारीकसारीक वस्तूंसाठी भिंतीच्या जाडीतच ठेवलेला कोनाडा किंवा देवळी. भिंतीवर टांगायचंच असेल तर एका आडव्या फळीवर खुंट्या ठोकलेलं खुंटाळं, आणि त्या फळीची टोकं खांबांना. ही नुसती जुनी पद्धत नव्हती, ते बांधकामाचं शहाणपण होतं आणि आजच्या टीव्हीलाही ते तंतोतंत लागू पडतं.

भिंत आधी ओळखा

मुळशीच्या जुन्या घरात साधारण तीन प्रकारच्या भिंती भेटतात, आणि बऱ्याचदा एकाच घरात तिन्ही. बाहेरची भिंत काळ्या पाषाणाची, मातीत रचलेली, दीड-दोन फूट जाड. आतले आडोसे कुडाचे, म्हणजे कारवीच्या काठ्यांचे, दोन्ही बाजूंनी माती-शेणानं लिंपलेले, जेमतेम तीन-चार इंच जाड. थोड्या सधन घरांत लाकडी चौकट उभी करून तिच्या खणांत मातीत रचलेल्या विटा, पुण्यातल्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर असतात तशा.

ओळखायला हत्यार लागत नाही. दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी उभं राहा, जाडी दिसते. बोटांच्या पेरांनी वाजवा. दगडाची भिंत आवाजच करत नाही, विटांची ठस्स वाजते, कुडाची किंचित पोकळ वाजते आणि हातानं दाबली तर थरथरते. माळ्यावर किंवा गोठ्याच्या बाजूला जाऊन बघा. तिकडची बाजू बहुधा लिंपलेली नसते किंवा लिंपण गळून गेलेलं असतं, आणि आतली रचना उघडी दिसते.

सगळ्यात फसवी भिंत या तिन्हींत नाही. मातीच्या भिंतीवर नंतर केव्हातरी कोंबडीची जाळी मारून सिमेंटचा गिलावा केलेली भिंत ती. दिसायला पक्की, रंगवलेली, हातालाही कडक लागते. फिटर निर्धास्त ड्रिल लावतो. पहिला अर्धा-पाऊण इंच जोर लागतो आणि मग बिट एकदम आत पळतं. तसं झालं की थांबा. गिट्टीनं धरलं आहे ते फक्त वरच्या सिमेंटच्या पापुद्र्याला, आणि तो पापुद्रा स्वतः मातीला धरून आहे की नाही याची काहीच खात्री नाही. भिंतभर वाजवून पाहिलं तर जिथे तो सुटला आहे तिथे भांड्यासारखा आवाज येतो. अशा ठिकाणी टांगलेली वस्तू पडते तेव्हा एकटी पडत नाही, दोन-चार फुटांचा सिमेंटचा तुकडा घेऊन पडते.

मातीवर सिमेंट का टिकत नाही, हे मुळशीत वेगळं सांगावं लागू नये. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, कधी त्याहूनही जास्त पाऊस पडतो. पुणे शहराच्या कित्येक पट. मातीची भिंत चार महिने ओल पिते आणि पुढचे आठ महिने ती सोडते. वरचं सिमेंट ती बाहेर जाऊ देत नाही. आतली माती मऊ होते, सिमेंट मात्र ताठ राहतं, आणि दोघांचा संबंध तुटतो. भोक बुजवायला, खुंटी बसवायला, गिलाव्याला ठिगळ लावायला जुन्या भिंतीत सिमेंट वापरू नका. माती किंवा चुना वापरा. यात मी कसलीही सूट देणार नाही.

कूड

मुळशीतल्या गावांत, धनगरवाड्यांवर आणि कातकरी वस्त्यांत सगळ्यात जास्त भिंती कारवीच्याच असत, कारण कारवी डोंगरउतारावर माजलेली असते. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. बोटाएवढ्या ते अंगठ्याएवढ्या जाडीच्या तिच्या सरळ काठ्या दाटीनं उभ्या लावायच्या, त्यांना आडव्या बांबूच्या कामट्यांनी किंवा कारवीच्याच जुड्यांनी आवळायचं, बांधायला रानातले वेल किंवा दोरी. मग चिकणमाती, शेण आणि भाताचं तूस किंवा पेंढा यांचा चिखल दोन्ही अंगांनी दाबून भरायचा. काठ्यांच्या फटींतून दोन्हीकडचा चिखल एकमेकाला भेटतो आणि वाळून घट्ट होतो. गिलावा भिंतीला चिकटलेला नसतो, तो काठ्यांमध्ये अडकलेला असतो.

जगात इतरत्रही अशा भिंती आहेत. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत लाकडाच्या आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकून त्यांवर गुरांचे केस घातलेला चुन्याचा गिलावा करत. जपानात बांबूच्या जाळीवर माती लिंपतात. दोन्ही देशांत वजन गिलाव्यावर देत नाहीत. इंग्रजी घरांत छताजवळ लाकडी पट्टी फिरवून तसबिरी तिच्यावरून सोडत, जपानी घरांत खांबांना जोडणारी आडवी लाकडी पट्टी तेच काम करते. इंग्रजी घरात आतलं लाकूड शोधायला लोक भिंतीवरून लोहचुंबक फिरवतात, कारण पट्ट्यांचे खिळे लोखंडी असतात. आपल्या कुडाला खिळाच नाही, सगळं वेलानं बांधलेलं. त्यामुळे इंटरनेटवर पाहिलेली ती युक्ती इथे उपयोगी पडत नाही. बाजारात मिळणारं लाकूड शोधायचं यंत्रही कारवीच्या दाटीत गोंधळतं.

कुडाच्या आतला वजन पेलणारा उभा खांब, म्हणजे मेढ, शोधण्याची इथली पद्धत दुसरी आहे. वर बघा. तुळई किंवा भिंतीवरचं आडवं लाकूड जिथे टेकलेलं आहे, त्याखाली मेढ किंवा खांब असणारच. बऱ्याच घरांत त्याचं डोकं उघडं दिसतं. तिथून ओळंबा सोडा आणि भिंतीवर खडूनं रेघ मारा. मेढ जंगलातलं सरळसं खोड असतं, कापीव लाकूड नव्हे, तेव्हा ती रेघेपासून इंच-दोन इंच सरकू शकते. म्हणून दाभण घ्या, पोती शिवायची असते ती. जिथे भोक दिसणार नाही अशा ठिकाणी ओळीनं अर्ध्या-अर्ध्या इंचावर टोचून बघा. मातीत ती सहज जाते, कारवीला लागली की लवचिक अडते आणि जरा सरकवली की पुढे जाते, मेढीला लागली की ठाम थांबते. सलग तीन-चार इंच रुंदीत सारख्याच खोलीवर थांबली, तर मेढ सापडली. दोन मेढी सापडल्या की मधलं अंतर मोजून ठेवा. प्रत्येक घराचा खण वेगळा असला तरी एका घरात तो सहसा सारखाच असतो, त्यामुळे तिसरी आणि चौथी मेढ टेपनंच सापडते.

मेढ सापडली म्हणजे झालं नाही. ती धड आहे का ते बघा. जमिनीलगतचा हातभर भाग सगळ्यात आधी कुजतो आणि वाळवीही तिथूनच चढते. दाभण तिथे लोण्यात गेल्यासारखी गेली तर आधी सुताराला बोलवा, फळी नंतर.

आता खुंटाळं. एक इंच जाड आणि चार-पाच इंच रुंद सागाची किंवा जुन्या ऐनाची फळी घ्या, एका मेढीपासून दुसऱ्या मेढीपर्यंत पुरेल आणि दोन्हीकडे थोडी बाहेर राहील एवढी. फळी गिलाव्यावर घट्ट दाबून बसवू नका. मेढीच्या जागी फळीमागे पाव इंचाचा लाकडी तुकडा द्या, म्हणजे गिलाव्यावर दाब येत नाही आणि पावसाळ्यात फळीमागून वारा खेळतो. स्क्रू किती लांब? फळी एक इंच, तुकडा आणि गिलावा मिळून इंच-सव्वा इंच, आणि मेढीच्या लाकडात निदान दीड इंच. म्हणजे चार इंची स्क्रू. बाजारात सर्रास मिळणारा दीड-दोन इंची स्क्रू मेढीपर्यंत पोचतच नाही, आणि निम्मी कामं तिथेच फसतात. जुनं लाकूड कोरडं आणि कडक झालेलं असतं, सरळ स्क्रू पिळला तर तडकतं. आधी गिरमिटानं किंवा साध्या ड्रिलनं, हॅमर बंद ठेवून, स्क्रूच्या जाडीपेक्षा बारीक भोक पाडा, स्क्रूला साबण किंवा मेण चोळा आणि हातानं आवळा. प्रत्येक मेढीवर दोन स्क्रू, एकाच रेषेत वर-खाली न लावता थोडे तिरके मागेपुढे. स्टेनलेस स्टीलचे घ्या. मुळशीच्या हवेत साधा लोखंडी स्क्रू गंजतो, गंज फुगतो आणि आपल्याभोवतीचं लाकूडही खातो.

या एका फळीवर मग टीव्हीचा ब्रॅकेट, तसबिरी, पिशव्या, राउटर, काय हवं ते लावा. ३२ इंची टीव्हीचं वजन चार-सहा किलो असतं, ४३ इंचीचं साधारण आठ-दहा. धड मेढींवर बसवलेल्या फळीला ते काहीच नाही. टीव्हीचा ब्रॅकेट मात्र सपाट, भिंतीलगत राहणारा घ्या. पुढे ओढून फिरवता येणारा हात नको.

कारण वजनाइतकंच ते भिंतीपासून किती पुढे आहे, यालाही महत्त्व आहे. भांड्यांनी भरलेली फळी २० किलोची आणि तिचा भार भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे धरू. खालच्या कंसाचा भिंतीला टेकणारा दांडा १५ सेंटिमीटरचा असेल, तर वरच्या स्क्रूंना बाहेर उपसणारा जोर २० किलोच्या वजनाएवढा होतो. दांडा ४५ सेंटिमीटर केला तर तोच जोर सातच्याही खाली येतो. फळी तीच, भांडी तीच, फक्त कंस उंच. दुकानात कंस निवडताना भिंतीला टेकणारी बाजू लांब असलेलाच घ्या.

जिथे वस्तू हवी तिथे मेढ नसेल आणि फळीही नको असेल, तर आरपार बोल्ट हा एक मार्ग उरतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन इंच रुंद लाकडी पट्ट्या, कारवीच्या तीन-चार काठ्या आणि निदान दोन आडवे बांध कवेत घेतील एवढ्या लांब. दोन काठ्यांच्या मधल्या फटीतून भोक. भोकात भिंतीच्या जाडीएवढा पीव्हीसी नळीचा तुकडा घाला आणि त्यातून बोल्ट, दोन्हीकडे रुंद वॉशर. नळीमुळे नट आवळताना माती चिरडत नाही, जोर नळी घेते. माझ्या मते अशा जोडणीवर दहा किलोच्या वर जाऊ नये. आत पंख उघडणारे टॉगल बोल्ट लोक सुचवतात. जिथे भिंत पोकळ आहे तिथे ते उत्तम. कूड भरीव असतो, पंख उघडायला जागाच नसते. ती खरेदी वाया जाते.

घड्याळ, दिनदर्शिका, एखादी छोटी तसबीर एवढंच टांगायचं असेल, तर घट्ट गिलाव्यात बारीक बिटनं भोक पाडून खाली झुकणारा पातळ खिळा हातानं दाबून बसवला तरी चालतो. हातोडी नको. एका ठोक्यानं काठ्यांमध्ये अडकलेली माती तुटते, वरून काही दिसत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी पोपडा येतो.

दगड-मातीची भिंत

दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीकडे पाहून कुणालाही वाटतं की हिच्यावर हत्ती टांगावा. प्रत्यक्षात ती बहुधा दोन भिंती असतात, एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. दोघींना बांधणारे आरपार लांब दगड असले तर भिंत एकजीव. ते नसले तर आतलं अंग एकटंच उभं असतं आणि त्याच्यावर टांगलेलं वजन त्याला आत ओढतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनीच सगळ्यात जास्त माणसं मारली. त्याच वर्षी निघालेल्या भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा भिंतींसाठी दर ६० सेंटिमीटर उंचीला, आडवं १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, आरपार दगड किंवा तसा दुवा घालायला सांगितलं आहे. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची झळ लागलेल्या या सह्याद्रीत झोपण्याच्या जागेच्या डोक्यावर मातीच्या भिंतीवर काही जड टांगू नये, हे मी आग्रहानं सांगेन.

दगडी भिंतीला फुगार आलेला दिसत असेल, म्हणजे मधला भाग ओळंब्यापेक्षा पुढे आला असेल, तर तिथे काहीही लावू नका. तुळईचं टोक जिथे भिंतीत बसलं आहे त्याच्या खाली आणि कोपऱ्यांपासून दोन फुटांच्या आतही नको.

एरवी जागा निवडायची ती दरजेत, दगडात नव्हे. इथला काळा पाषाण इतका कठीण की हॅमर लावल्याशिवाय त्यात भोक पडत नाही, आणि हॅमर लावला की दगडापेक्षा आधी आजूबाजूची माती हलते. जुने गवंडी भिंत रचतानाच दरजेत खुंटी बसवत. आपल्याला ते नंतर करायचं आहे, पण रीत तीच. दोन मोठ्या दगडांमधली रुंद दरज निवडा. छिन्नीनं, अलगद, पाच-सहा इंच खोल माती काढा. आतून झाडून, पाणी मारून ओलसर करा. वाळलेल्या सागाचा किंवा खैराचा ठोकळा तासून घ्या, आतलं टोक जाड आणि बाहेरचं थोडं बारीक, म्हणजे ओढलं तरी तो बाहेर येत नाही. ठोकळा आधी चुना-सुरखीत बुडवून आत घाला आणि चारी बाजूंनी चुना, सुरखी, वाळू यांचा मसाला भरून दगडाच्या कपच्या दाबून बसवा. एक भाग चुना आणि सुरखी-वाळू मिळून दोन ते तीन भाग, एवढं प्रमाण पुरे. मसाला घट्ट असावा, ओघळणारा नको.

मग थांबायचं. चुना सिमेंटसारखा रात्रीत धरत नाही. आठवडाभर त्यावर ओलं फडकं ठेवा, आणि तीन-चार आठवड्यांनी ठोकळ्यात स्क्रू मारा. ही सबुरी नसेल तर दगडी भिंतीला हात लावू नये. असे दोन ठोकळे तीन-चार फुटांवर बसवले आणि त्यांवर आडवी फळी मारली की पुन्हा तेच खुंटाळं.

चुना विझवताना काळजी घ्या. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. आणि मुलांना त्या दिवशी अंगणाबाहेर ठेवा. विझवलेला चुना तयार मिळाला तर तोच आणा.

लाकडी चौकटीत विटा भरलेल्या भिंतीचं फार सांगण्यासारखं नाही. चौकटीचं लाकूड सहसा दिसतंच. त्यातच स्क्रू मारा, विटांना हात लावू नका.

भिंतीवर नकोच अशा वस्तू

पाणी म्हटलं की लिटरला किलो, हा हिशेब लक्षात ठेवा. १५ लिटरचा गीझर भरला की त्याच्या स्वतःच्या वजनासकट पंचवीस किलोच्या घरात जातो, आणि तो गळतोही. मातीच्या भिंतीवर गळणारं पाणी हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. गीझर, पाण्याची टाकी, टाकीवाला फिल्टर, एसीचा बाहेरचा डबा, भांड्यांची मोठी मांडणी यांना भिंतीवर स्थान नाही. त्यांच्यासाठी जमिनीवर उभी राहणारी लाकडी चौकट करून घ्या. दोन उभे खांब, प्रत्येकाच्या बुडाशी एक सपाट दगड म्हणजे ओल चढणार नाही, वरची टोकं तुळईला दोरीनं किंवा पट्टीनं फक्त अडकवलेली, आणि मध्ये आडव्या फळ्या. सगळं वजन जमिनीवर जातं, भिंतीला तिचा स्पर्शही होत नाही. गावातला सुतार हे काम सहज करतो, आणि घर बदललं तर चौकट उचलून नेता येते. माझ्या दृष्टीनं स्वयंपाकघरासाठी याहून चांगला उपाय नाही.

तुळईला झोपाळा किंवा पंखा टांगतानाही तिची टोकं तपासा, कारण भिंतीत गेलेलं टोक ओलीनं आधी कुजतं आणि ते दिसत नाही. कडी तुळईच्या बुडात स्क्रूनं मारण्यापेक्षा तुळईला वळसा घालणारी लोखंडी पट्टी करून घ्या.

विजेच्या तारांसाठी मातीच्या भिंतीत झिरी पाडू नका. झिरी पाडली की कुडाचे आडवे बांध तुटतात, मग त्या खणातली अख्खी भिंत सैल होते. तारा पाइपातून, लाकडाच्या कडेनं, उघड्या न्या. मीटर आणि बटणांचे बोर्ड मेढीवर किंवा खुंटाळ्याच्या फळीवर बसवा. ओल पिणाऱ्या भिंतीच्या घरात ३० मिलिअँपिअरचा गळती पकडणारा ब्रेकर आणि धड अर्थिंग यांना पर्याय नाही.

ही सगळी कामं दिवाळीनंतर करावीत. तोवर भिंत वाळलेली असते आणि तिची खरी ताकद कळते. भर पावसाळ्यात आज धरलेला स्क्रू कोरड्या दिवसांत सैल होतो, आणि ओल्या मातीत भोक पाडताना कडा ढासळतात. होळीपर्यंत काम उरकलं की पहिला पाऊस येईस्तोवर लिंपणही नीट वाळतं. पुढे दरवर्षी कौलं चाळायच्या वेळी प्रत्येक फळी, प्रत्येक खुंटी हातानं खाली आणि बाहेर ओढून बघायची सवय लावा. किंचित जरी हलली तरी वजन उतरवा, पावसाळा जाऊ द्या.

आधी कुणी पाडून ठेवलेली भोकं बुजवायची असतील तर प्लास्टिकची गिट्टी उपसून काढा, सुटलेली माती चमच्यानं खरवडा, पाणी शिंपडा. चिकणमाती, बारीक वाळू, शेण आणि बोटाच्या पेराएवढा कापलेला पेंढा एकत्र कालवून दोन-चार दिवस कुजत ठेवा आणि मग दोन-तीन थरांत भरा, प्रत्येक थर भेगाळेपर्यंत वाळू देऊन. एकदम भरलं तर मधोमध सुटतं. कारवीची काठी तुटली असेल तर आधी नवी काठी शेजारच्यांना बांधून घ्या. नवी कारवी आणताना वनखात्याच्या जमिनीतून, विशेषतः ताम्हिणी अभयारण्यातून, परवानगीशिवाय तोडू नका. खासगी माळावर आणि बांधावर फुलून वाळलेली कारवी गावात विचारलं तर मिळते.

आणि घराचं लिंपण नव्यानं करणार असाल, तर एक विनंती. जुना गिलावा उतरवल्यावर, नवा चढवायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. कुठे मेढ, कुठे आडवा बांध, कुठे बुजवलेला कोनाडा, हे कोपऱ्यापासूनच्या अंतरासह एका कागदावर उतरवा आणि तो कागद फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढचा फिटर आला की त्याला आधी तो कागद वाचायला द्या, मग ड्रिलला वीज द्या.